वाचकांचे प्रश्न : बिग बँगनं हेलियमपाशीच हात का आखडता घेतला?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले होते की आपल्या पिण्याच्या पाण्यातला हायड्रोजन १३.८ अब्ज वर्षं जुना आहे, म्हणजे बिग बँगमधून विश्व सुरू झालं तेव्हाचा, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते वाचून घ्या, पुढची मग पटापट कळतात.

प्रश्न (सांगलीहून एक निवृत्त शिक्षक): आम्ही वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं की सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होतं आणि बाकीची मूलद्रव्यं ताऱ्यांत बनतात. मग हेलियम बिग बँगमध्ये बनलं हे काय नवीन? आणि बनलंच तर गाडी तिथेच का अडली? तेव्हा तर उष्णता सूर्यापेक्षा कितीतरी जास्त होती, मग कार्बन, ऑक्सिजन, लोखंड का नाही बनलं?

सर, तुम्ही शिकवलंत ते चुकीचं नव्हतंच, फक्त हिशोबातली सगळ्यात मोठी रक्कम राहून गेली. सूर्यमाला ज्या ढगातून बनली त्यात वजनाने साधारण २७ टक्के हेलियम होतं. त्यातलं ताऱ्यांनी बनवून बाहेर टाकलेलं किती, तर जेमतेम दोन-अडीच टक्के. बाकीचं जवळजवळ २५ टक्के पहिला तारा पेटायच्या आधीपासूनच हजर होतं. म्हणजे आकाशगंगेतले तारे अब्जावधी वर्षं राबराब राबले आणि भर पडली ती एवढीशी, आणि त्याच्या दहापट माल सुरुवातीच्या वीसेक मिनिटांत तयार होऊन बसला होता. हे ऐकायला विचित्र वाटतं ना, पण त्याचं कारण एका वाक्यात सांगता येतं: ताऱ्यांकडे वेळ भरपूर आहे पण न्यूट्रॉन नाहीत, आणि तेव्हाच्या विश्वाकडे न्यूट्रॉन आयते होते पण वेळ नव्हता.

आता जरा खोलात. हेलियमच्या अणुकेंद्रात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन लागतात. सूर्याकडे नुसतेच प्रोटॉन, म्हणजे न्यूट्रॉन तिथल्या तिथे बनवून घ्यावा लागतो, दोन प्रोटॉन आदळले की नेमक्या त्याच क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हायला पाहिजे, आणि हे इतकं क्वचित घडतं की सूर्याच्या पोटातल्या एखाद्या प्रोटॉनचा नंबर लागायला सरासरी नऊ-दहा अब्ज वर्षं जातात. सूर्य इतका सबुरीने जळतो ते याच्यामुळेच, नाहीतर आपण प्रश्न विचारायलाही उरलो नसतो.

सुरुवातीच्या विश्वात ही अडचणच नव्हती. पहिल्या सेकंदाच्या आत टेम्परेचर १० अब्ज अंशांच्या वर, सगळीकडे प्रकाश, इलेक्ट्रॉन, त्यांचे धनभारित जुळे भाऊ पॉझिट्रॉन, आणि न्यूट्रिनो नावाचे एरवी कशालाच न अडकणारे अतिहलके कण यांचा नुसता धुमाकूळ, आणि त्या धक्काबुक्कीत प्रोटॉनचा न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन असं सतत चाललेलं. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा अगदी किंचित जड आहे, एका टक्क्याच्या सातव्या हिश्श्याइतकाच, पण तेवढ्याने फरक पडतो, कारण जड कण बनवायला ऊर्जा जास्त लागते आणि विश्व तर थंड होत चाललेलं, त्यामुळे न्यूट्रॉन हळूहळू कमी पडायला लागले. असंच चालू राहिलं असतं तर न्यूट्रॉन संपलेच असते आणि विश्वात नुसता हायड्रोजन उरला असता. पण एका सेकंदाच्या आसपास न्यूट्रिनोंनी यातून अंग काढून घेतलं, म्हणजे विश्व इतकं फैलावलं की त्यांची कुणाशी टक्करच होईना, आणि ती अदलाबदल बंद पडली. त्यावेळी साधारण सहा प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन असा हिशोब होता, आणि तो तसाच गोठला.

गोठला म्हणजे अगदी पक्का नाही. मोकळा न्यूट्रॉन फार जगत नाही, दहाएक मिनिटांत निम्मे फुटून प्रोटॉन होतात. मग लगेच एकेका प्रोटॉनशी जोडी जमवून सुरक्षित का नाही झाले? जमवत होते की, पण टिकत नव्हत्या. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन चिकटले की ड्युटेरियम होतं, हायड्रोजनचा जड भाऊ, आणि त्याची पकड फारच ढिली. त्यात दर एका प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे तेव्हा प्रकाशाचे १.६ अब्ज कण, म्हणजे फोटॉन, होते. लगोरी खेळलेले असाल तर डोळ्यांसमोर आणा: एक पोरगं दुसरी ठिकरी ठेवतंय न ठेवतंय तोच चेंडू येऊन बसतो, आणि इथे चेंडू मारणारे दीड अब्ज. सगळेच फोटॉन जोडी फोडण्याइतके तगडे नव्हते, पण संख्याच इतकी की त्यातले मूठभर तगडे निघाले तरी पुरे. त्यामुळे हेलियम बनायला योग्य असं टेम्परेचर खरं तर आधीच आलं होतं, तरी ड्युटेरियम टिकेना म्हणून पुढचं सगळं तुंबलं.

तीन-चार मिनिटं अशी गेली. टेम्परेचर ९० कोटी अंशांच्या खाली आलं, तगडे फोटॉन संपले, आणि मग जे काही झालं ते धबाधबा झालं. ड्युटेरियम टिकलं की त्याला आणखी एक प्रोटॉन चिकटून हेलियम-३, किंवा आणखी एक न्यूट्रॉन चिकटून ट्रिटियम, आणि त्यातून लगेच हेलियम-४, म्हणजे दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनवालं नेहमीचं हेलियम, कारण हलक्या केंद्रांमध्ये हेलियम-४ इतकं घट्ट बांधलेलं दुसरं कुणीच नाही. जवळजवळ प्रत्येक उरलेला न्यूट्रॉन त्यात जाऊन बसला.

२५ टक्के कुठून आले ते आता पेन्सिल-कागदावर निघतं. वाट बघता बघता थोडे न्यूट्रॉन फुटले, म्हणून सहाला एकच्या जागी सातला एक झालं. १६ कण घ्या: १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन दोन प्रोटॉन घेऊन एक हेलियम झालं, १२ प्रोटॉन तसेच राहिले, तेच हायड्रोजन. हेलियमचं वजन ४, एकूण १६, चाराला सोळा म्हणजे २५ टक्के. सर, नववी-दहावीच्या मुलांकडून हे फळ्यावर करून घेता येईल, पोरं खूश होतात.

आता तुमचा खरा प्रश्न, पुढे का नाही? एक कारण म्हणजे पाच वजनाचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून पाच कणांचं, टिकाऊ अणुकेंद्र निसर्गात नाहीच, आणि आठ वजनाचंही नाही. हेलियमला प्रोटॉन चिकटवा, पाच होतात, क्षणात फुटतं. दोन हेलियम एकमेकांना चिकटवा, आठचं बेरिलियम होतं, ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा कोटीवा भाग एवढंही टिकत नाही. म्हणजे शिडीच्या दोन पायऱ्याच गायब. तारे यातून वाट काढतात ती अशी की ते बेरिलियम फुटायच्या आत तिसरं हेलियम येऊन आदळतं आणि थेट बाराचा कार्बन होतो. पण त्याला गर्दी प्रचंड लागते, तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या गाभ्यात असते तशी, जिथे चमचाभर माल शेकडो किलो भरेल, आणि शिवाय लाखो वर्षं हाताशी लागतात.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. बिग बँग म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं खच्चून भरलेलं असणार. पहिल्या क्षणांत होतंच तसं, पण हेलियम बनत होतं त्या वेळेपर्यंत प्रोटॉन-न्यूट्रॉनचा हिशोब केला तर ते आपल्या खोलीतल्या हवेपेक्षा पन्नासेक पटीने विरळ झाले होते! वजन जे होतं ते प्रकाशाचं होतं. तेव्हा उष्णता जास्त होती हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण तीन हेलियम एका जागी गाठ पडायला तिथे माणसंच, आपलं, कणच नव्हते तेवढे. वीसेक मिनिटांनी उष्णताही गेली आणि दुकान बंद. कार्बनला पुढे कोट्यवधी वर्षं, पहिल्या ताऱ्यांपर्यंत, थांबावं लागलं.

प्रश्न (ठाणे, इयत्ता नववी): हे मिनिटामिनिटाचं तुम्ही इतकं छातीठोकपणे सांगता, पण तेव्हा बघायला कोण होतं?

शाब्बास, हाच प्रश्न विचारायचा असतो. बघायला कुणी नव्हतं, पण उरलेला माल आहे ना, तो मोजता येतो. आणि मोजायला हेलियमपेक्षा ड्युटेरियम भारी. कारण असं की हेलियमचा आकडा फारसा हलत नाही, माल थोडा जास्त असो की कमी, तो २५च्या आसपासच येतो. ड्युटेरियमचं तसं नाही. ते म्हणजे हेलियम व्हायचं राहून गेलेलं, अर्धवट उरलेलं काम. प्रोटॉन-न्यूट्रॉनची गर्दी जास्त असती तर ते काम पुरं झालं असतं आणि ड्युटेरियम कमी उरलं असतं, गर्दी कमी असती तर जास्त उरलं असतं. म्हणून ड्युटेरियम किती उरलं ते कळलं की विश्वात साधा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनचा, माल किती आहे ते कळतं.

ते मोजतात कसं ते ऐक. खूप लांबचा एखादा क्वेझार घ्यायचा, म्हणजे अतिशय तेजस्वी आकाशगंगेचा गाभा. त्याचा प्रकाश आपल्याकडे येताना मधल्या एखाद्या जुन्या वायूच्या ढगातून येतो, जिथे ताऱ्यांनी अजून फारशी ढवळाढवळ केलेली नाही. त्या ढगातला हायड्रोजन ठरावीक रंगाचा प्रकाश खातो, आणि स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रंगारंगांत पसरवलेल्या प्रकाशात, तिथे काळी रेघ दिसते. ड्युटेरियम जड असल्यामुळे त्याची रेघ हायड्रोजनच्या रेघेपासून जराशी निळ्या बाजूला सरकलेली असते, वेगाच्या भाषेत बोलायचं तर फक्त ८२ किलोमीटर प्रति सेकंद एवढी. हायड्रोजनची रेघ एवढी जाडजूड की तिच्या कडेला ही बारीकशी खाच ओळखणं म्हणजे डोळे फुटायची वेळ. १९९०च्या दशकात हवाईतल्या १० मीटरच्या केक दुर्बिणीने हे जमायला लागलं, आणि आता उत्तर एका टक्क्याच्या अचूकतेने माहीत आहे: दर एक लाख हायड्रोजनमागे अडीच ड्युटेरियम.

आता दुसरीकडून बघ. बिग बँगनंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही आकाशभर आहे, तो प्लँक उपग्रहाने मोजला, त्यातूनही साधा माल किती ते निघतं, आणि त्याचा ड्युटेरियमशी काही संबंध नाही, वेगळा काळ, वेगळी यंत्रं, वेगळं शास्त्र. तो आकडा घेऊन पहिल्या मिनिटांचं गणित केलं की ड्युटेरियम येतं लाखाला अडीच. दोन अनोळखी साक्षीदार तेच सांगत असतील तर विश्वास ठेवायचा की नाही तूच ठरव.

यातून आणखी एक गोष्ट निघते जी मला स्वतःला हेलियमपेक्षा जास्त मोठी वाटते. हा साधा माल, म्हणजे तारे, वायू, ग्रह, तू, मी, सगळं मिळून विश्वाच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास आहे. डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं ते द्रव्य, हे न दिसणारे दगडधोंडे किंवा विझलेले तारे असतील असं कुणी म्हटलं तर ड्युटेरियम मध्ये येतं, कारण तेवढे जास्तीचे प्रोटॉन-न्यूट्रॉन असते तर ते उरलंच नसतं.

आणि न्यूट्रिनोंचं तर विचारूच नकोस. न्यूट्रिनोंचे प्रकार जितके जास्त तितकं विश्व वेगाने फैलावणार, अदलाबदल लवकर थांबणार, न्यूट्रॉन जास्त उरणार आणि हेलियम वाढणार. म्हणून १९८०च्या दशकात खगोलवाले हेलियम मोजून सांगत होते की प्रकार तीन असतील, फार तर चार. कण-भौतिकीवाले भुवया उंचावून बघायचे. १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेच्या यंत्रावर मोजलं गेलं, तीन निघाले.

प्रश्न (पुणे): नारळीकर सरांचा तर बिग बँगला विरोध होता. मग त्यांच्या मते हेलियम कुठून आलं?

हा प्रश्न पुण्यातून येणार हे माहीतच होतं. थोडा इतिहास सांगावा लागेल. १९४८च्या १ एप्रिलला राल्फ आल्फर आणि जॉर्ज गॅमो यांचा पेपर छापून आला, ज्यात सगळीच मूलद्रव्यं बिग बँगमध्ये बनली असं म्हटलं होतं. गॅमोने नावांची गंमत जमावी म्हणून मध्ये हान्स बेथेचं नाव घुसडलं, अल्फा-बीटा-गॅमा व्हावं म्हणून, बिचाऱ्या आल्फरची पीएचडी होती ती, त्याला ते फारसं रुचलं नाही. ती कल्पना पाच आणि आठच्या त्याच गायब पायऱ्यांवर आपटली. तिकडे केंब्रिजला फ्रेड हॉईल म्हणत होते की बिग बँग वगैरे काही नाही, विश्व सदासर्वकाळ असंच आहे आणि सगळं ताऱ्यांत बनतं, आणि १९५७ मध्ये त्यांनी बर्बिज पतिपत्नी आणि विली फाउलर यांच्यासोबत ते कसं बनतं हे इतकं तपशिलात मांडलं की कार्बनपासून पुढच्या मूलद्रव्यांसाठी आजही पाया तोच धरतात.

पण हेलियम काही बसेना. ताऱ्यांत बनवायचं म्हटलं तर पुरेसं होत नाही. आणि गंमत बघा, १९६४ मध्ये हे ठणकावून सांगणाऱ्या पेपरवर रॉजर टेलर यांच्यासोबत नाव होतं ते खुद्द हॉईल यांचंच! १९६७ मध्ये वॅगनर आणि फाउलर यांच्यासोबत त्यांनी बिग बँगच्या हलक्या मूलद्रव्यांचं सविस्तर गणितही करून दिलं. ज्या सिद्धांताला आयुष्यभर नावं ठेवली त्याचंच सगळ्यात मजबूत गणित स्वतः करून द्यायचं, याला मन मोठं लागतं.

नारळीकर हॉईल यांचे विद्यार्थी. १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर या तिघांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, त्यात एक मोठा स्फोट नाही, तर जागोजागी छोट्या छोट्या निर्मितीच्या घटना होतात आणि हलकी केंद्रं तिथल्या उष्णतेत बनतात. त्यांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी पुढे यायचा आणि तो खरोखर विचार करायला लावणारा होता: आज दिसतं तेवढं हेलियम ताऱ्यांनी बनवलं असतं तर जी ऊर्जा बाहेर पडली असती ती आकाशभर पसरलेल्या त्या जुन्या प्रकाशाच्या ऊर्जेइतकीच भरते. बहुतेक शास्त्रज्ञ याला योगायोग म्हणतात, मीही म्हणते, कारण ड्युटेरियम आणि तो जुना प्रकाश एकमेकांशी ज्या अचूकतेने जुळतात तशी जुळणी दुसऱ्या बाजूने कुणाला दाखवता आलेली नाही. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी करून तिथे आपलं मत न पटणाऱ्यांनाही तेवढ्याच मोकळेपणाने काम करू देणारा माणूस होता, हे विसरून नुसता "विरोध होता" असं म्हणणं बरोबर नाही.

प्रश्न (देवगड): हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला. तुमच्या लेखात त्याचा उल्लेख का नाही?

आता जरा रागावू नका हं. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन होतो, साहेबाचे ओटे, म्हणजे दुर्बिणीसाठीचे म्हणून सांगितले जाणारे चौथरे, दाखवतात, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८६८च्या ग्रहणात तिथून हेलियम शोधलं असं सांगतात. मला कोकणाचा अभिमान आहे तुमच्याइतकाच, पण तारखा जुळत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात निरीक्षणं करणारे फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणला. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते, आणि त्यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली पिवळी रेघ, जी पुढे हेलियमची खूण ठरली, पाहिली ती २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, घरच्या बाजूलाच. सोडियमच्या दोन रेघांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी, ५८७.६ नॅनोमीटरची. पृथ्वीवर हेलियम हाती लागलं ते १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना लंडनमध्ये, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्गाचा संबंध नाहीच का? आहे ना, चांगला पक्का आहे, फक्त तीस वर्षांनंतरचा. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर आले होते, मेलपोमिनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन, आणि त्या निरीक्षणांचा मोठा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. ओट्यांची गोष्ट त्या मोहिमेशी जोडली तर सगळं नीट बसतं. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तंबू ठोकून बसले होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही. हेलियम दिन जरूर करा, पण फलकावर १८९८ पण लिहा की.

प्रश्न (नाशिक): म्हणजे मुलांच्या फुग्यातलं हेलियम बिग बँगचं?

नाही! पृथ्वीला हेलियम धरून ठेवता येत नाही, हवेत सुटलं की निसटतं. फुग्यातलं हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतं आणि ते जमिनीखालच्या युरेनियम-थोरियममधून बाहेर पडलेलं असतं. त्या मानाने नवंच.

प्रश्न (पिंपरी): मोबाईलच्या बॅटरीतलं लिथियमही बिग बँगचं, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का?

थोडंसं खरं. बिग बँगमध्ये लिथियम बनलं, पण अगदी नावापुरतं, गणिताप्रमाणे दर १० अब्ज हायड्रोजनमागे ५, तेही आधी बेरिलियम-७ म्हणून बनलं आणि नंतर इलेक्ट्रॉन गिळून त्याचं लिथियम झालं. सूर्यमालेत त्याच्या चौपट आहे. म्हणजे बॅटरीतलं तीन चतुर्थांश तरी नंतरचं, त्यातलं बरंचसं नोव्हा स्फोटांमधून, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या स्फोटांमधून, आलेलं असावं, २०१३च्या एका नोव्हात बेरिलियम-७ बाहेर पडताना जपानच्या सुबारू दुर्बिणीने प्रत्यक्ष पाहिलंय. राहिलेलं काही अवकाशातल्या वेगवान किरणांनी कार्बन-ऑक्सिजन फोडून झालेलं.

पण लिथियमचं दुखणं वेगळंच आहे आणि ते अजून बरं झालेलं नाही. १९८२ मध्ये मोनीक आणि फ्रांस्वा स्पीत या फ्रेंच दांपत्याने आकाशगंगेतल्या अगदी म्हाताऱ्या ताऱ्यांवर लिथियम मोजलं, तर सगळ्यांवर साधारण सारखंच आलं. वा, म्हणजे हेच मूळचं असणार, असं सगळ्यांना वाटलं. पुढे प्लँक वगैरेंमुळे गणित अचूक झालं आणि लक्षात आलं की ताऱ्यांवर दिसतंय ते गणिताच्या एक तृतीयांशच आहे. ड्युटेरियम टक्क्यापर्यंत जुळतं आणि लिथियम तिपटीने चुकतं! प्रयोगशाळेत काही चुकतंय का म्हणून सर्नमध्ये बेरिलियम-७ वर न्यूट्रॉन मारून पाहिले, त्याने काही उलगडा झाला नाही. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली १४०० मीटर खडकाच्या आड लुना प्रयोगात ड्युटेरियमची प्रोटॉनशी होणारी प्रक्रिया मोजली, २०२० मध्ये निकाल आला, त्याने ड्युटेरियमचं गणित आणखी पक्कं झालं, लिथियम होतं तिथेच. माझा कल असा आहे की दोष ताऱ्यांचा, इतक्या वर्षांत लिथियम पृष्ठभागावरून हळूहळू आत बुडालं आणि जळालं. पण मग सगळ्या ताऱ्यांवर ते सारख्याच प्रमाणात कसं बुडालं, याचं समाधानकारक उत्तर त्या बाजूच्या लोकांनाही देता येत नाही.

प्रश्न (अलिबाग): आमच्या थळला हेवी वॉटरचा कारखाना आहे. ते ड्युटेरियम तुम्ही सांगता तेच का? आणि ते पाणी प्यायलं तर काय होतं?

तेच, हेवी वॉटर म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी. आणि माझ्या मते या सगळ्या पत्रांतला सगळ्यात भारी धागा हाच आहे. कारण तारे ड्युटेरियम बनवून जमवत नाहीत, उलट तारा नीट पेटायच्या आधीच, दहाएक लाख अंशांना, ते जाळून टाकतात. त्यामुळे आज जिथे जिथे ड्युटेरियम आहे ते जवळजवळ सगळं त्या पहिल्या काही मिनिटांतलं, तेव्हापासून कुठल्याही ताऱ्याच्या पोटात न गेलेलं. साध्या पाण्याच्या २०० मिलीच्या पेल्यात ते साधारण ७ मिलिग्रॅम असतं. मूळ प्रमाण लाखाला अडीच होतं आणि समुद्राच्या पाण्यात लाखाला साडेपंधरा आहे, ते सहापट वाढलं ते नवीन बनलं म्हणून नाही, तर सूर्य जन्मायच्या आधीच्या थंडगार ढगांत बर्फाने ते जास्त धरून ठेवलं म्हणून. थळला शेजारच्या खत कारखान्याच्या वायूमधून अमोनियाच्या मदतीने ते वेगळं काढतात आणि ते अणुभट्ट्यांना जातं, तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्या हेवी वॉटरवरच चालतात.

प्यायचं म्हणाल तर एखादा घोट घेतल्याने काही होत नाही, शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा बदलला तर मात्र पेशींचं विभाजन बिघडतं आणि प्राणी मरतात, म्हणून प्रयोग करायला जाऊ नका. चव किंचित गोड लागते असं जुने लोक सांगायचे, त्यावर बरेच दिवस वाद होता, २०२१ मध्ये नीट चाचण्या झाल्या तेव्हा माणसांना खरंच गोड लागतं असं निघालं. उंदरांना लागत नाही.